दाराची उंची

चांदूर रेल्वे येथील आमच्या वडिलोपार्जित वाड्यास एक मोठा दरवाजा होता. २००१ सालीं भिंत खचली, तेव्हां आम्हीच तो उतरवून त्याचें सागवान विकलें. गेल्या दिवाळींत आम्ही तिघे भाऊ एकत्र जमलों असतां त्याची गोष्ट निघाली. दादांच्या मतें कापसानें भरलेली बंडी त्यांतून सहज आंत येई. धाकटा म्हणे, बंडी बाहेरच सोडावी लागे. आम्हांस कांहींच आठवेना.

पुढें थोड्याच दिवसांनीं टॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम या इंग्रज चित्रकारांचें एक चित्र आमच्या पाहण्यांत आलें. दिल्लीच्या पुराण्या किल्ल्याचा, म्हणजे शेरशाहाच्या कोटाचा, तो पश्चिम दरवाजा. हे चुलते-पुतणे १७८९ सालीं दिल्लीस होते; चित्र त्यांनीं १७९५ सालीं लंडन येथें छापून प्रसिद्ध केलें. काळोख्या पेटींत भिंगावाटें पडणारी प्रतिमा गिरवून ते इमारतीच्या रेषा साधीत, आणि तिच्या पायथ्याशीं लहान लहान माणसें काढीत. तीं माणसें पाहिलीं कीं इमारतीची उंची आपोआप कळते. त्या दाराशीं त्यांचें कसलेंहि नातें नव्हतें. तरी ते त्यापुढें थांबले. आम्ही मात्र आमच्या दारांतून जन्मभर नुसते ये-जा करीत राहिलों.

वऱ्हाड त्यांच्या वाटेवर नव्हतें. त्यामुळें अकोटच्या उत्तरेस सातपुड्यांत असलेल्या नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचें चित्र त्यांच्या हातून राहिलें. १४८७ सालचें तें काम : पांढरा वालुकाश्म, त्यावर कोरलेलीं कमळें, अरबी लेख, दोहों बाजूंस पुढें आलेले सज्जे. गेल्या महिन्यांत आम्ही कागद-पेन्सिल घेऊन तेथें गेलों. सकाळभर खपून जें उतरलें तें हंसण्याजोगेंच होतें. परंतु एक कमळ काढावयाचें तर त्याकडे दहा वेळां पाहावें लागतें, एवढें समजलें. घरच्या दाराकडे आम्हीं तसें एकदांहि पाहिलें नव्हतें.

परत आल्यावर तोच कागद उलटा करून दादांपुढें ठेवला व म्हटलें, "आपलें दार काढा." त्यांनीं चौकट काढली. मग पुष्कळ वेळ थांबून तींत एक लहानशी आकृति काढली : टाचा उंचावून वरची कडी लावणारी आई.

आईची उंची आम्हां तिघांसहि ठाऊक होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. बंडी आंत येत नव्हती.