१-०-१ आणि आपला सूर्यास्त



चातुर्मास तोंडावर आला की आपल्या बायकांच्या गप्पांत एकच विषय असतो. यंदा कोण काय करणार? कुणी अठ्ठाईचं मनात धरलंय, कुणी एकांतर करणार आहे, कुणाचे चारही महिने चौविहार. या गप्पांत एक प्रश्न मात्र कुणी कुणाला विचारत नाही. तुझ्या गोळ्यांचं काय?

हा प्रश्न आता फक्त म्हाताऱ्या माणसांचा राहिलेला नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी जणींच्या पर्समध्ये बीपीची नाहीतर शुगरची गोळी असते. डॉक्टर ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तो म्हणजे एकाच घरात राहायला आलेल्या पाच तक्रारी. आपल्याकडच्या बायकांसाठी त्याचं मोजमाप असं: कंबर ८० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ५० पेक्षा कमी, बीपी १३०/८५ किंवा जास्त, आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. पुरुषांसाठी कंबर ९० आणि एचडीएल ४० धरतात, बाकी तेच. पाचांपैकी तीन जमले की हा सिंड्रोम झाला. यातलं एकही दुखत नाही, खुपत नाही. दाढ दुखली तर आपण गोळी विसरत नाही. बीपी मात्र न बोलता वाढतं, म्हणून त्याची गोळी राहून जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर एक अहवाल काढला होता. दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेण्याचं प्रमाण प्रगत देशांतही सरासरी ५० टक्केच आहे, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे हे घरोघरचं आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली. मेटफॉर्मिन सुरू केली आणि पोट बिघडलं म्हणून सोडली. गोळ्यांची सवय लागते म्हणून एक दिवसाआड घेतली. तपासणीच्या आधी आठ दिवस मात्र अगदी नेमाने घेतली, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं अभ्यास करतात तशी. उपाशीपोटीची साखर त्याला फसतेही, पण एचबीए१सी फसत नाही. ती साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते.

ही कारणं सगळ्यांच्याच घरात सापडतील. आपल्या घरांत आणखी एक कारण आहे आणि ते डॉक्टरांच्या कानापर्यंत पोचतच नाही.

डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात १-०-१, जेवणानंतर. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर नऊ वाजता जेवणारं घर असतं. आपलं घर सूर्यावर चालतं. पुण्यात डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जून-जुलैत सव्वासातला. जानेवारीत नवकारसी यायला जवळजवळ आठ वाजतात. मग चिठ्ठीतली ती शेवटची १ कुठे बसवायची?

माझ्या सासूबाईंचा चौविहार तीस वर्षांपासूनचा. त्यांच्या चिठ्ठीवर बीपीची आणि शुगरची गोळी रात्री लिहिलेली होती. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, तिथे गोळी कशी घेणार? संध्याकाळच्या जेवणाबरोबर घेता आली असती, पण चिठ्ठीत ‘रात्री’ होतं आणि डॉक्टरांच्या शब्दात आपण बदल कसा करायचा, असा त्यांचा सरळ विचार. म्हणून त्या गोळ्या त्यांनी घेतल्याच नाहीत, आणि कुणाला सांगितलंही नाही. दर तीन महिन्यांनी बीपी वाढलेलं निघायचं. औषध कमी पडतंय असं समजून डॉक्टर डोस वाढवायचे, मग एक गोळी आणखी जोडायचे.

पुढे पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात सिस्टरने कागदावर लिहिलेलं सगळं औषध वेळेवर दिलं. त्यांचा चौविहार असतो असं कळल्यावर रात्रीच्या गोळ्या साडेपाचला जेवणाबरोबर दिल्या, त्यात काही अडचण आली नाही. तिसऱ्या दिवशी बीपी एकदम खाली आलं. त्यांना चक्कर यायला लागली, बोलणं तुटक झालं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. घरी इतकी औषधं चालतात आणि इथे त्याच औषधांनी असं का? तेव्हा सासूबाईंनी हळूच सांगितलं, की रात्रीच्या गोळ्या त्यांनी कधी घेतल्याच नव्हत्या. त्यानंतर निम्मी औषधं कमी झाली. उरलेली त्या आता सूर्यास्ताच्या आत घेतात.

त्यांनी नियम पाळला यात चूक नव्हती. तो नियम डॉक्टरांना माहीत नव्हता, एवढंच बिघडलं होतं.

याच्या अगदी उलट गोष्ट माझ्या मोठ्या जाऊबाईंची. त्यांनी वर्षीतप सुरू केला, एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणं. औषध चुकवायचं नाही याची त्यांना इतकी काळजी, की उपवासाच्या दिवशीही सकाळी उकळलेल्या पाण्याबरोबर त्या ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायच्या. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न गेलंय की नाही, हे ती बघत नाही. एका उपवासाला दुपारी त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, समोरच्या माणसाचं नाव आठवेना. साखर तपासली तर ५२. ती ७० च्या खाली गेली की धोका समजायचा आणि लगेच साखर-पाणी किंवा ग्लुकोज द्यायचं. दिलं, आणि त्या सावरल्या. वर्षीतप सुटला म्हणून दोन दिवस रडल्या. मग महासतीजींकडे जाऊन रोजच्या बियासण्याचं पच्चक्खाण घेऊन आल्या. डॉक्टरांनीही ती गोळी बदलून दिली.

एकीने गोळी सोडली, दुसरीने सोडली नाही, आणि दोघींनाही त्रास झाला. म्हणून ‘औषध नेमाने घ्या’ एवढंच सांगून आपलं भागत नाही. आपलं तप कसं असतं हे आपल्या डॉक्टरांना कळलं पाहिजे. उपवास म्हणजे फलाहार नव्हे, चौविहार उपवासात पाणीही नसतं, अठ्ठाई म्हणजे सलग आठ दिवस, हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. लांब उपवासात त्या धोक्याच्या ठरू शकतात आणि डॉक्टर त्या आधीच थांबवायला सांगतात. लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि पाण्याविना उपवास, हेही जमत नाही. दुसऱ्या बाजूला अ‍ॅम्लोडिपिन किंवा अ‍ॅटोर्वास्टॅटिनसारखी गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असते आणि सकाळीही चालते. विचारलं की कित्येकदा १-०-१ चं १-०-० होऊ शकतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण मनाने नाही.

कॅप्सूलचंही तसंच. तिचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. हे कळल्यावर काही जणी गुपचूप औषधच सोडतात, तर काही कॅप्सूल फोडून आतली पावडर घेतात. दोन्ही करू नका. हळूहळू विरघळणारं औषध असेल तर फोडल्यावर ते एकदम अंगात उतरतं. नावापुढे एसआर लिहिलेली मेटफॉर्मिनची गोळीही याच कारणाने कुटायची किंवा चावायची नाही. डॉक्टरांना सांगा, ‘मला जिलेटिन चालत नाही.’ पुष्कळ औषधं गोळीच्या रूपात किंवा वनस्पतीजन्य आवरणात मिळतात. खर्च परवडत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात.

आता धर्माबद्दल. ‘असाता वेदनीयाचा उदय आहे, भोगूनच संपवायचा,’ असं म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक स्थानकात असतात. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण बाराव्या व्रतात साधू-साध्वींना वहोरावायच्या चौदा वस्तू आपण म्हणतो, त्यांत शेवटी औषध आणि भेषज येतं. त्यागी जीवांनाही जे द्यायला सांगितलंय, ते संसारी माणसाने घेतलं तर त्यात कमीपणा कसला? पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत आणि त्यांत समाधी टिकवण्यासाठीचा एक आगार आहे. ज्यांना सूर्यास्तानंतर औषध घ्यावंच लागतं, त्यांच्यासाठी दुविहार आहे. आपल्या प्रकृतीला कोणतं पच्चक्खाण झेपेल, हे गुरूंना खरं खरं सांगून विचारावं. आजार लपवून घेतलेल्या पच्चक्खाणात तप कमी आणि मान जास्त असतो, असं मला वाटतं. शिवाय पक्षाघात झाला तर एकटी आपण भोगत नाही. आपल्याला उचलून बसवणारी सूनही भोगते.

आणि विसरण्याचं म्हणाल, तर वीस-वीस वर्षं एक सामायिक न चुकवणाऱ्या बायका आपण! गोळी त्या नेमालाच बांधून टाकावी. नवकारसी पाळली की सकाळची, संध्याकाळचं जेवण झालं की दुसरी, मग चौविहाराचं पच्चक्खाण. सात कप्प्यांची डबी मेडिकलच्या दुकानात मिळते. कप्पा भरलेला दिसला की कळतं, आज राहिली.

घरात सगळ्यांच्या हातावर गोळी आणि पाण्याचा पेला ठेवणाऱ्या आपणच असतो. सासऱ्यांची कोणती, यांची कोणती, तोंडपाठ असतं. स्वतःची मात्र ‘ओटा आवरून घेते’ म्हणता म्हणता सूर्य मावळतो. तेव्हा या चातुर्मासाचं पच्चक्खाण घेण्याआधी तीन गोष्टी करा. आपल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. ज्या घेत नाही, त्या कोणत्या आणि का, ते न लाजता सांगा. आणि कोणत्या महिन्यात कोणतं तप मनात आहे ते कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. ते ओरडतील अशी भीती वाटत असेल, तर मुलीला नाहीतर सुनेला बरोबर घेऊन जा. तुमच्या तपाला माझी मनापासून अनुमोदना आहे, आणि त्या पिशवीलाही.