सतरा की अठरा

गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल फाइल होती. नाव 'हिवाळी चाकं फायनल ३'. म्हणजे त्याआधी फायनल १ आणि २ होऊन गेल्या होत्या. रोज रात्री जेवण झालं की मी ती उघडायचो. मुक्ता म्हणायची, "लग्नाचा हॉल ठरवताना तू इतका विचार केला नव्हतास." खरंच केला नव्हता. हॉल तिच्या मामांनी ठरवला होता.

आम्ही म्युनिकला राहतो. माझी गाडी २०१४ सालची, सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२८आय. मागच्या चाकांवर चालणारी, २४५ हॉर्सपॉवरची. इथल्या लोकांना तिचं काही कौतुक नाही, गल्लीत अशा चार उभ्या असतात. पण मी गडहिंग्लजचा. वडील एसटीत ड्रायव्हर होते. ती घेतली त्या दिवशी मी पार्किंगमध्ये तीन वेळा जाऊन बघून आलो. तिचं सगळं रूप चाकांत आहे: १८ इंची मॅगव्हील, पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे जास्त रुंद २५५/४० आर १८. मागून बघितलं की गाडी जमिनीला धरून बसल्यासारखी दिसते.

जर्मनीत हिवाळी टायरला ठरलेली तारीख नाही. २०१० पासून कायदा असा आहे की रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा पाणी गोठून निसरडं झालेलं असेल, तर तसे टायर हवेतच. नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. लोक मात्र 'ओ ते ओ' हा सोपा नियम पाळतात: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. कारण साधं आहे, उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं तसं समजा. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ अडकतो आणि तो अडकलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. बाजूला तीन सुळक्यांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असलं की तो खरा हिवाळी टायर.

हे सगळं मला पाठ होतं. टायर घ्यायचे हेही ठरलं होतं. साइज ठरत नव्हती.

एक्सेलमध्ये चार ओळी होत्या. १६ इंची, २२५/५५. १७ इंची, २२५/५०. १८ इंची, चारही चाकं सारखी, २२५/४५. आणि १९ इंची, पुढे-मागे वेगळी, जी फक्त माझ्या मनात होती. टायरवरचे आकडे वाचायला सोपे असतात. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, १७ हा रिमचा व्यास इंचांत. भिंत दोनदा धरायची, रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये करून त्यात मिळवायचा. १७ इंचीचा पूर्ण व्यास येतो ६५६.८ मिलिमीटर, १८ इंचीचा ६५९.७. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस, सगळं पूर्वीसारखंच. रिम लहान झाली तेवढी रबराची भिंत उंच झाली, १०१ मिलिमीटरवरून ११२ वर. मी यासाठी छोटा प्रोग्रॅमसुद्धा लिहिला. गरज नव्हती. गाडीच्या कागदांत चालणारी साइज छापलेली असतेच, आणि बाकीच्या कंपनीच्या प्रमाणपत्रात.

गणितात १७ इंची प्रत्येक रकान्यात पुढे होती. (१६ इंची बाद, माझ्या गाडीचे ब्रेक मोठे आहेत, कॅलिपरला रिम घासली असती.) टायर स्वस्त, भिंत उंच असल्यामुळे खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी, चारही सारखी असल्यामुळे पुढची मागे करता येतात. पण मी फोटो बघायचो. १७ इंची चाकांवर माझी गाडी विमानतळाबाहेरच्या टॅक्सीसारखी दिसायची. चाकाच्या कमानीत ती रिकामी जागा! मग मी रात्री बारापर्यंत वापरलेली १८ इंची, १९ इंची शोधत बसायचो. कुणाच्या रिमला ओरखडा, कुणाचे टायर सहा वर्षं जुने, कुणाचं गाव ३०० किलोमीटरवर.

त्यात नोव्हेंबर उजाडला.

आई दिवाळीला म्हणून तीन महिने आली होती. एका शनिवारी तिला वाल्खेनझे दाखवायला नेलं. सव्वा तासावरचं तळं. त्याच्या खाली दुसरं तळं आहे, कोखेलझे. दोघांत २०० मीटरचा उतार, त्यावर १९२४ पासून वीज तयार होते. आईला मी म्हटलं, कोयनेसारखंच. मधला घाट म्हणजे केसलबेर्ग, सगळी नागमोडी वळणं. म्युनिकमधून निघताना नऊ अंश होते आणि पाऊस. परत निघालो तेव्हा एक अंश होता आणि पावसाचे थेंब जड होऊन काचेवर फुटत होते. दहा मिनिटांत रस्ता पांढरा झाला.

मी हळू चालवत होतो, तीसच्या आसपास. एका वळणाआधी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरायला लागलं, म्हणजे एबीएस आपलं काम करत होता, आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, गाडी सरळ. आवाज काहीच नाही. हे मला अजून आठवतं. कोरड्या रस्त्यावर गाडी घसरते तेव्हा टायर ओरडतात, इथे नुसतं तरंगल्यासारखं. मुक्ताचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. लोखंडी कठड्याच्या अलीकडे हातभर अंतरावर आम्ही थांबलो. कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे दिसत होते.

मागच्या सीटवर आई डुलकीत होती. ती जागी झाली आणि म्हणाली, "आलं का घर?"

"नाही गं, थोडं थांबलोय," मी म्हणालो.

उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं उतरलो. मागे गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांचे टायर हिवाळी असणार. मुक्ता रात्रीपर्यंत काही बोलली नाही. झोपताना म्हणाली, "ती फाइल बंद कर आता." फोर व्हील ड्राइव्ह असती तर, असं मी काहीतरी सुरू केलं आणि मलाच लाज वाटली. निघताना चारही चाकं ढकलतात हे खरं, पण ब्रेक लावल्यावर त्याचा काय उपयोग? थांबवतात ते टायर. आणि ते नव्हते, कारण मला कमानीतली रिकामी जागा बघवत नव्हती.

सोमवारी सकाळी फोन केला, मंगळवारी १७ इंची चाकं बसली. २२५/५० आर १७, ९८ एच. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. गाडी त्याहून पळू शकते, म्हणून नियमाप्रमाणे समोर २१० चं स्टिकर लावून दिलं. ते बघून मला हसूच आलं. मी तीसला थांबू शकलो नव्हतो.

त्या संध्याकाळी अण्णांना फोटो पाठवला. पाचच मिनिटांत व्हिडिओ कॉल.

"बारकी का घेतलास रं चाकं? रुंद घ्यायची. रुंद टायर जमीन धरतंय."

त्यांची सगळी हयात आंबोली घाटात गेली, रिमोल्ड टायरांवर, पावसाळ्यात. त्यांना काय सांगणार? तरी सांगितलं, की बर्फात आणि चिखलबर्फात अरुंद टायर बरा, तो कापत खाली जातो, रुंद टायर वर तरंगतो. खरं सांगायचं तर मागचे ३० मिलिमीटर कमी झाल्यानं फार मोठं काही होत नाही, मुख्य काम रबराचं. पण अण्णांशी बोलताना मी जरा ठासून सांगितलं.

"बैलगाडीच्या धावेगत?" ते म्हणाले. "ती चिखलात रुततीया की."

"रुतायलाच पाहिजे, अण्णा. खालचा रस्ता लागेपर्यंत."

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "कॅमेरा खाली घे. नक्षी दाखव." मी टायरवर फोन धरला. नवीन होता, आठ मिलिमीटरच्या आसपास. इथे कायद्यानं १.६ चालते, पण हिवाळ्यात चारच्या खाली जाऊ नये म्हणतात. अण्णांच्या भाषेत त्याच्या खाली गोटा.

"बरा हाय," ते म्हणाले. मग, "तीन आठवडे तुझं चाललंय सतरा का अठरा. आन् एका दिसात घेतलास?"

मी काहीच बोललो नाही.

"कुठं घसरली?"

आई आत स्वयंपाकघरात होती. मी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. वळण, कठडा, हातभर अंतर. त्यांनी विचारलं, उतार किती, गिअर कुठला होता, ब्रेक सोडून बघितलास का. सोडला नव्हता. "सोडायचा," ते म्हणाले. "चाक फिरलं तर वळतंय." एबीएस तेच करतं, असं मी सांगायला गेलो नाही.

"तुझ्या आईला कळलंय?"

"नाही. झोपली होती."

"सांगू नको मग."

स्क्रीनवर त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं, ते नेहमी फोन असाच धरतात. बराच वेळ कपाळच दिसत राहिलं.

"नट परत आवळलास का?"

"पन्नास किलोमीटर झाले की आवळायला सांगितलंय. अजून चाळीसच झालेत."

"आज आवळ," ते म्हणाले.

मी पाना घेऊन खाली गेलो.