पिवळी सोंगटी

जुनी भांडी मोडीत घालताना माणूस दोनदा विचार करतो. जुना खेळ मोडीत निघतो तो मात्र कोणी विचार न करताच. एका दिवाळीला पट मांडायचा राहून जातो, दुसऱ्या दिवाळीला एक कवडी हरवते, तिसऱ्या दिवाळीला सोंगट्यांचा डबा माळ्यावर जातो. पुढे केव्हातरी कोणी विचारतो, "तुमच्याकडे दस पडले तर पुन्हा कवड्या टाकतात का हो?" आणि घरातली सगळी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. पट असतो, सोंगट्या असतात, खेळ तेवढा नसतो.

वास्तविक आपला पाडवा हा खेळाचाच दिवस. पंचांगात त्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, हे फराळाच्या गडबडीत आपल्या ध्यानात राहत नाही. पार्वतीने शंकराला फाशांत हरवले ती कथा याच दिवसाची. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वेरूळला गेलात, तर एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांत हे दांपत्य अजून खेळताना दिसेल. सहाव्या शतकाच्या सुमारास दगडात मांडलेला तो डाव काही मोडलेला नाही. माणसांच्या घरांतला मात्र माझ्या डोळ्यांदेखत मोडला. गंमत अशी की, आमच्याच पटाची काटछाट करून इंग्रजांनी १८९६ साली 'लुडो'चे पेटंट घेतले. तो लुडो आज पोरांच्या मोबाइलवर नांदतो आहे आणि त्याचा बाप माळ्यावर धूळ खातो आहे.

हे सारे मला सुचले ते माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात नोकरीला असतो आणि शनिवारच्या रात्री मित्रांना जमवून एक अमेरिकन खेळ खेळतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली काढला, तेव्हा पहिल्या छपाईच्या प्रती होत्या फक्त एक हजार. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशी सोंगे घ्यायची आणि अडल्या ठिकाणी फासे टाकायचे. आपल्याकडे सोंगे आणायला रात्र आणि दिवट्या लागत. यांना जेवणाचे टेबल पुरते. पुढे त्या खेळाच्या नव्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि जुनी पुस्तके बाजारातून गेली. ज्यांचा जीव जुन्यात अडकला होता त्यांनी २००६ साली जुने नियम आपल्या शब्दांत नव्याने लिहून काढले. त्या ग्रंथाला ते 'ऑस्रिक' म्हणतात. "मामा, तिकडच्या कायद्याने खेळाच्या नियमांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती सांगण्याच्या शब्दांवर," भाचा मला समजावून सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावर, एखाद्याला वाळवीतून वाचलेली बखर सापडावी, तसे तेज होते. मी धुळ्यात वाढलेला माणूस. राजवाड्यांच्या मागे १९२७ साली निघालेले संशोधन मंडळ आमच्याच गावात आहे, त्यामुळे हे तेज मला ओळखू येते.

मग त्याने विचारले, "आपल्याकडचा असा कुठला खेळ बंद पडलाय?"

मी त्याला जळगावहून एस.टी.त बसवले आणि एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला आत्याकडे घेऊन गेलो. आत्याचे वय शहाऐंशी. कान थोडे गेले आहेत, डोळे नाहीत. पट तिच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली होता. लाल खादीवर पांढऱ्या दोऱ्याने टाके घातलेला, चार पट्ट्यांचा. एकेका पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे सगळी मिळून शहाण्णव घरे, त्यांत बारा फुल्या. सोंगट्या सोळा, पैकी एक काळी हरवलेली. तिच्या जागी कोटाचे बटण.

भाच्याने वही काढली. सहा कवड्या, हे त्याने लिहून घेतले. दोन उताण्या पडल्या तर दोन, तीन पडल्या तर तीन, अशा सहांपर्यंत. एकच उताणी पडली तर दस, एकही नाही तर पंचवीस. त्याने तिथेच हिशेब मांडला. पंचवीस पडायचे ते चौसष्ट वेळांत एकदा, दस सहा वेळा, तीन सर्वांत अधिक, वीस वेळा. मला एकदम लीलावती आठवली. चाळीसगावजवळ पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. त्या आजोबांनी ११५० साली लीलावतीत विचारले आहे की, सहा रसांपैकी एकेक, दोन-दोन, तीन-तीन घेऊन पक्वान्ने किती प्रकारची होतील? उत्तर आहे सहा, पंधरा, वीस, पंधरा, सहा, एक. आत्याच्या सहा कवड्यांचाही जमाखर्च हाच. (खऱ्या कवड्या इतक्या सरळ नसतात. आत्याच्या हातातल्या तर मुळीच नव्हेत.)

पण पुढे वही अडली. आत्या नियम सांगेना, गोष्ट सांगू लागली.

तिच्या पटावर मधले घर म्हणजे माहेर. हातातल्या, पटावर न आलेल्या सोंगट्या म्हणजे सासरी असलेल्या लेकी. दस किंवा पंचवीस पडले की मुराळी न्यायला आला. तो आल्याशिवाय लेक उंबऱ्याबाहेर पडायची नाही. फुल्या म्हणजे वाटेतले मुक्काम. हा पारोळ्याचा, हा एरंडोलचा, हा म्हसव्याच्या तळ्याचा. तिथे कोणी हात लावायचा नाही. दोन सोंगट्या एका घरात आल्या की जुग झाले. दोघी बहिणी बरोबर निघाल्या, आता त्यांना कोण अडवतो! आणि एकटी सोंगटी उघड्या घरात सापडून मेली, की सासऱ्याचा निरोप आला, अर्ध्या वाटेतून परत फिरा. आखाजी तोंडावर आलेली. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुषमंडळी पत्ते कुटतात, आणि त्यात पैसे लावत नाहीत असे मी शपथेवर सांगणार नाही. त्याच दिवसांत बायका हा पट मांडीत. डोंगर, राक्षस, मांत्रिक यांतले काहीही त्यात नव्हते. पण सोंग होतेच. प्रत्येक बाई चार-चार सोंगे घेऊन बसलेली असे.

आम्ही तिघे खेळलो. माझी हिरवी, भाच्याची लाल, आत्याची काळी, आणि पिवळी चौथ्या भिडूवाचून. तिचे दान आत्याच टाकी. तासाभराने भाच्याच्या लक्षात आले की पिवळी सोंगटी दोनदा आत्याच्या तोंडात आली होती आणि दोन्ही वेळा आत्याने तिला सोडून दुसरीच सोंगटी चालवली.

"आत्याआजी, पिवळी मारायची नाही असा नियम आहे का?"

"नियम नही रे. सवय शे."

त्याने पेन्सिल वर धरली, पण लिहिले नाही. मला ठाऊक होते, त्याला नव्हते. माझी मोठी आत्या जळगावकडे दिलेली होती. मानपानावरून काही बिनसले आणि चार आखाज्या तिला माहेरी पाठवले नाही. चारही वर्षे माझे आजोबा मुराळी धाडीत आणि तो एकटा परत येई. पाचव्या वर्षी ती तापाने गेली. घरी ती पिवळ्या सोंगट्या घेऊन खेळायची.

परतताना पारोळ्यापर्यंत भाचा बोलला नाही. मग म्हणाला, "हे मी वहीत कुठे घालू? पिवळी मारू नये, असं लिहिलं तर खेळच बिघडतो. नाही लिहिलं तर जे आज पाहिलं ते गेलं." त्याचा तो अमेरिकन कायदा इथे भलताच खरा ठरत होता. दस, पंचवीस, जुग, फुली हे कोणाचेच नव्हते. ते खानदेशाबाहेरही सापडेल. सांगणे तेवढे एका बाईचे होते.

खेळ वाचवायचा म्हणजे काय वाचवायचे, हा घोळ जुनाच आहे. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० नंतरच्या काळात गंजिफाची कला मरता मरता वाचवली, त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे. दशावतारी गंजिफाची ती एकशे वीस गोल पाने पाहून डोळे निवतात. पण दिवसा खेळताना पहिला मान रामाचा आणि रात्री कृष्णाचा, पाच रंगांत दश्शी वरचढ आणि पाच रंगांत एक्का, हे ठाऊक असून ती पिसणारे हात किती? पाने भेट देणारे पुष्कळ आहेत. मी कोणाला दोष देत नाही. कपाटातला गंजिफा हा न उरलेल्या गंजिफापेक्षा बराच. तरी माझे मत असे की, खेळ शिकवायला वहीपेक्षा हरणारा भिडू अधिक उपयोगी पडतो.

भाच्याने अखेर दोन वह्या केल्या. एकीत नियम, चार पाने. दुसरीत आत्याचे सांगणे, जसेच्या तसे, तिच्या अहिराणीत. त्यात पिवळीची गोष्टही, पण नियम म्हणून नव्हे. मग पुण्यात त्याने आपल्या शनिवारच्या मंडळींपुढे पट मांडला. त्यांत एक मुलगी कोल्लमची, एक मुलगा इंदूरचा. मुक्कामांची नावे त्यांनी लगेच बदलली. कोल्लमच्या मुलीच्या लेकी रेल्वेने निघाल्या आणि पालघाटला अडकल्या. मला हे ऐकून किंचित राग आला होता. आत्याला आला नाही. तिने फोन कानाशी घट्ट धरून सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पिवळी घर गयी का?"

"नाही ना, आत्याआजी. पाच घरं राहिली होती. रात्रीचे दोन वाजले, मग आम्ही डाव मोडला."

"मंग पट कसाले गुंडाळा?" आत्या म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन कवड्या पुसायला बसली. पाडव्याला भाचा धुळ्याला येणार आहे, कोल्लमची मुलगीही.