थांबणंही कळायला हवं

गेल्या दिवाळीत आमच्या सिन्नरच्या घरात एकाच आठवड्यात दोन जखमा झाल्या. शंकरपाळी तळताना माझ्या मनगटावर तेल उडालं, आणि धाकट्या लेकीनं कानाला दुसरं भोक पाडून घेतलं. बारशाला टोचलेली भोकं होतीच; पण एकविसाव्या वर्षी हौस आली!

माझा हात तीन आठवड्यांत बरा झाला. तिच्या कानामागे मात्र चार महिन्यांनी हरभऱ्याएवढी गाठ आली. उद्या स्थळं येतील, लोक काय म्हणतील? "कापूनच टाका एकदाची," म्हणत मी तिला नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. "आई, खाजतं किती ते तरी विचार," ती वाटेत म्हणाली. मी गप्पच झाले.

डॉक्टरीणबाईंनी कापायची घाई केली नाही. आधी समजावून सांगितलं. जखम झाली की कडेच्या पेशी वाढत वाढत मध्याकडे सरकतात. समोरासमोरच्या पेशी एकमेकींना टेकल्या की सरकणं थांबतं. खाली दुसऱ्या पेशी कोलॅजेनचे धागे विणून खड्डा भरतात आणि काम झालं की त्यातल्या पुष्कळशा आपणहून नाहीशा होतात. कीलॉइडच्या गाठीत हा 'पुरे' म्हणणारा निरोपच नीट पोचत नाही. विणकाम जखमेची हद्द ओलांडून चालूच राहतं. नुसती कापली तर ती पुन्हा नवी जखम. गाठ बहुधा परत येते, कधी पहिलीहून मोठी!

मला माझी चूक आठवली. मनगटाला चिकटलेली पट्टी मी ओढून काढली होती आणि नवी कातडी तिच्याबरोबर निघाली होती. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांना केळीच्या पानाची पट्टी लावली. त्यावरचा त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. ती पट्टी जखमेला चिकटत नाही, हाच तिचा मोठा गुण. अर्थात ती पानं निर्जंतुक केलेली असतात. परसातलं पान तोडून घरी हा प्रयोग करू नये.

लेकीच्या गाठीत आता महिन्याला एक स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. खाज थांबली, गाठ बरीच दबली. पुरती गेली नाही. घरात कुणाला अशी गाठ आली असेल, तर मुलीला दुसरं भोक पाडण्याआधी दहादा विचार करा.

मी रोज तिचे केस बाजूला सारून बघायची. परवा ती हसून म्हणाली, "आई, आता तूही थांब की!"