किल्ली

घर विकण्यास काढणे आणि त्याचे दार उघडणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे दलालीच्या धंद्यात पडल्यावाचून कळत नाही. आमच्या फोंडा तालुक्यातील जुन्या घरांना एकच धनी क्वचित असतो. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने मुलगा व मुलगी यांना वारशात समान वाटा दिला. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही ते तत्त्व राखले. न्याय खराच! पण वाटेकरी अनेक आणि किल्ली एक. तीही बहुधा मुंबईस. गिऱ्हाईक अंगणात तुळशीपाशी ताटकळत असते आणि निरोप येतो, "सुतक आहे, चवथीनंतर पाहू."

एका वृद्ध बाईंनी तर उंबऱ्यातच विचारले, "देव अजून आत आहेत. परक्याला आत कसा घेऊ?" त्यांच्यावर रागवावे तरी कसे?

पाऊस मात्र कोणासाठी थांबत नाही. बंद घराची कौले सरकतात, वासे कुजतात, मातीच्या भिंती खचतात. म्हणून विनंती इतकीच: विकण्याचे ठरले असेल, तर आधी देव सन्मानाने हलवावेत आणि किल्ली गावातल्या एका विश्वासू हाती द्यावी. ठरले नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. पण घर वर्षानुवर्षे कुलपात कुजवू नये.