हजारी साडेसहाशे

१९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे साडेसहाशेहून जास्त मुलं वर्षाच्या आत दगावली, असं बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५च्या ‘लेबर अँड हाउसिंग इन बॉम्बे’ या पुस्तकात छापलं आहे. ते वाचलं आणि पुढचं पान उलटवेना. महिला मंडळाच्या स्मरणिकेसाठी गिरणगावातल्या बाळंतपणांवर लिहायचं मी कबूल केलं होतं; इतिहासाशी माझा संबंध मात्र शाळेपुरताच. दहातली सहा-सात मुलं जात असतील, तर चाळी एका पिढीत ओस पडायला हव्या होत्या. त्या तर माणसांनी भरून वाहत होत्या. मग हे गणित कसलं?

खोल्यांचा हिशेब पाहून तर आणखीच गोंधळले. एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी ८२८ मुलं गेली, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा जास्त खोल्या असल्या की १३३. एक भिंत वाढली की पाचशे मुलं वाचतात?

उत्तर लालबागच्या एका आजींकडे मिळालं. त्यांची आई गिरणीत होती. “अगं, बाळंतपणाला चाळीत कोण थांबणार? दिवस भरत आले की बायका गावाला जायच्या. मुलाने जरा बाळसं धरलं की परत यायच्या.” म्हणजे जन्म लागला रत्नागिरीच्या दप्तरी, आणि मूल मुंबईत गेलं तर मृत्यू लागला इथल्या. खाली भाजक अपुरा, वर भाज्य पूर्ण! त्यात चाळीतले कितीतरी जन्म नोंदलेच जात नव्हते. गावाला जाणारे बहुतेक एका खोलीवालेच, त्यामुळे सर्वांत जास्त फुगला तो त्यांचाच आकडा.

पण फुगवटा वजा केला तरी जे उरतं ते भयंकर आहे. गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना नेमलं होतं. १९२२ साली त्यांनी लिहिलं, की या बायकांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. आजी तिला नुसतं ‘गोळी’ म्हणाल्या. आई पहाटे पाळीला निघायची, मूल शेजारणीकडे, तोंडात गोळी. गोळी दिलेलं मूल रडत नाही. रडत नाही म्हणून भूक लागली तरी दूध मागत नाही. सांगता सांगता आजींनी अंगठा आणि तर्जनी जुळवून तिचा आकार दाखवला. मोहरीपेक्षा जरासा मोठा.

म्युनिसिपालिटीच्या नर्सेस आणि सुइणी चाळीचाळींतून फिरत, घरी जाऊन बाळंतपणं करत. परळला १९२६ साली वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं. हे सगळं मोलाचं. तरी मला सर्वांत मोठा वाटतो तो १९२९चा मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा, देशातला पहिला. बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार, दिवसाला आठ आणे. १९२८ साली कायदेमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं, की बाईच्या कामाचा फायदा मालकाला होतो, तेव्हा या खर्चाचा काही भार त्यानेही उचलला पाहिजे. आठ आणे थोडेच, पण गोळीच्या मुळाशी असलेल्या पोटाच्या प्रश्नाला हात घातला तो या कायद्याने.

दारोदार फिरलेल्या त्या सुइणींची नावं मला कुठे सापडली नाहीत. तुमच्या घरात आजी किंवा पणजी म्युनिसिपालिटीत सुईण वा नर्स असेल, तर तिचा दाखला, नेमणुकीचा कागद, गणवेशातला फोटो रद्दीत घालू नका. आमच्या मंडळाकडे नाही, तर जवळच्या ग्रंथसंग्रहालयाकडे तरी द्या.