पिशवीचे दुखणे आणि शोधग्रामची वाट

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी ही गावे मागे टाकीत एस.टी. वैनगंगेच्या पुलावर येते. पलीकडे आरमोरी, म्हणजे गडचिरोली जिल्हा सुरू. मग धानाच्या बांध्या, मोहाची झाडे आणि सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेतलेल्या बाया. आमच्या महिला मंडळातल्या आम्ही नऊजणी निघालो होतो. कुणी धुणीभांडी करणाऱ्या, कुणी बिड्या वळणाऱ्या, दोघी बांधकामावरच्या. निघालो होतो जंगलातला एक दवाखाना पाहायला. ऐकणारे हसले. नागपुरात काय दवाखान्यांची वानवा आहे?

वानवा दवाखान्यांची नाही, बोलण्याची आहे. अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे ही दुखणी आपल्याकडे बाई नवऱ्यालाही सांगत नाही. आमच्यातली एक मावशी बारा वर्षे अंग बाहेर येत असताना विटांच्या पाट्या उचलीत होती. शेवटी एका खासगी डॉक्टरकडे गेली. त्याने पाच मिनिटांत सांगितले, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. तपासणी नाही, कागद नाही. पैशाचा आकडा मात्र लगेच!

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने सुमारे सतरा किलोमीटरवर, चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे हे ठिकाण. संस्था १९८६ साली सुरू झाली. दवाखान्याचे नाव माँ दंतेश्वरी, आदिवासींच्या देवीचे. बांधणी झोपड्यांसारखी, कारण मोठ्या इमारतीची इथल्या माणसांना भीती वाटे. रोग्याबरोबर घरची माणसे राहू शकतात. आमच्यातल्या एकीने लगेच हिशेब केला की शहरात बाळंतपणाला सासूला बाहेर फुटपाथवर झोपावे लागले होते.

शस्त्रक्रियेआधी येथे काय झाले, ते आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणीताई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो. १९८९ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शंभरात ९२ बायांना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी तीन-चार. आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या किती? शंभरात फक्त ८. तोवर गरीब बाईची पिशवी सरकारला कुटुंबनियोजनापुरतीच आठवत असे. तिलाही दुखते, हे या दोन गावांतल्या बायांनी जगाला दाखवून दिले.

येथे शस्त्रक्रियेची शिबिरे होतात. शहरांतले शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ चार दिवसांची कमाई सोडून स्वेच्छेने येतात. पण शिबिर म्हटले की आमच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात ८३ बायांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया काही तासांत उरकल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांत डझनाहून अधिक बाया दगावल्या. बीडचे तर आपल्या महाराष्ट्रातलेच. २०१९ साली सरकारी समितीपुढे आकडा आला की ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. त्यात डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली, की बाई कर्ज काढून पिशवी काढून येते. सुरी तीच, हात वेगळे.

म्हणून पाहुणा डॉक्टर कितीही भला असो, तो येण्याआधी आणि गेल्यावर कोण आहे, हे विचारावे लागते. रक्त आधी तपासले पाहिजे. या भागात सिकलसेल आहे आणि बायांच्या अंगात रक्त कमीच. टाके घातल्यावर बाई आठ दिवसांत धानाच्या चिखलात उतरली तर सगळे फुकट. शोधग्रामच्या कामात गावच्या सुइणी आणि आरोग्यदूत आहेत, ते याचसाठी मोलाचे. त्या गावातल्याच, त्यांना हाक मारता येते.

मावशीची तेथे नीट तपासणी झाली. अंग बाहेर येणे म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिला पहिल्यांदा कोणीतरी सांगितले. लवकर पोरे होणे, लागोपाठ बाळंतपणे, ओल्या अंगाने जड उचलणे, यांनी पिशवीला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात. थोडेसेच असेल तर व्यायामाने किंवा आत कडी बसवून भागते; जास्त असेल तर शस्त्रक्रिया. भगिनींनो, पिशवी काढायला कोणी सांगितले तर विचारा: रोगाचे नाव काय, दुसरा उपाय आहे का, अंडकोष ठेवणार की काढणार? तरुणपणी अंडकोष गेले की पाळी बंद होते आणि हाडे ठिसूळ होतात. डॉक्टर चिडला तर दुसरा गाठा.

परत आल्यावर आम्ही दर रविवारी दुपारी विहाराच्या मागच्या खोलीत फक्त बायांची बैठक ठेवली. पहिल्या रविवारी चौदाजणी आल्या. बराच वेळ कोणी बोलेना. मग मावशीने आपला तपासणीचा कागद पिशवीतून काढला आणि शाळेत जाणाऱ्या एका पोरीला मोठ्याने वाचायला सांगितला.